सरकारी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा कायद्यावर सूचना पाठवण्याआधी

हरकतींची मुदत कमीच असते, म्हणून मसुदा हातात आला की आधी व्याख्यांचं कलम काढा. ‘मालक’ या शब्दात सरकारी खाती आणि स्थानिक संस्था येतात का, ‘कामगार’मध्ये कंत्राटी आणि मानधनावरचे येतात का, तिथे पेन्सिलीने खूण करा. खरी गळती इथेच असते. अमेरिकेच्या 1970 च्या कायद्याने ‘मालका’च्या व्याख्येतून राज्यं आणि त्यांच्या स्थानिक संस्था वगळल्या. ज्या राज्याने स्वतःची कामगार सुरक्षा योजना केंद्राकडून मंजूर करून घेतली नाही, तिथल्या अग्निशमन जवानाला त्या कायद्याचं कवच मिळत नाही.

मग शिक्षेचं कलम. ब्रिटनचा 1974 चा कायदा केंद्रीय सरकारी खात्यांनाही लागू आहे, पण खात्यावर खटला भरता येत नाही. नुसता अधिकृत ठपका ठेवतात. दंड ठेवला तरी तो सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार. त्यामुळे मी तरी काम तिथल्या तिथे थांबवण्याचा निरीक्षकाचा अधिकार आधी मागेन.

सगळ्यात जास्त वेळ पुराव्याला ठेवा. अपघात नोंदवही बहुधा कोरीच सापडते. मग आजारपणाच्या रजा आणि औषधोपचाराची बिलं चाळा. टोचलेली सुई, कार्यालयाच्या खिडकीवर कर्मचाऱ्याला झालेली मारहाण यांना कुणी अपघात म्हणतच नाही, ते माणसांना विचारूनच कळतं. मैल्याच्या टाकीत उतरणाऱ्यांशी निवांत बोला. ‘वासावरून कळतं की’ म्हणणारा एखादा साहेब भेटतोच. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नव्हे. आणि वाचवायला घाईने उतरलेला दुसराही आतच राहतो. म्हणून वायुमापक, बाहेर थांबणारा माणूस, आत न उतरता वर ओढून घेण्याची सोय, हे सगळं नियमात नावानिशी हवं. ‘योग्य ती काळजी’ असं मोघम दिसलं की लाल शाई.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या कराराची प्रत जोडा. त्यात सार्वजनिक सेवा धरलेली आहे, आणि सुरक्षेचा खर्च कामगारावर टाकू नये असंही कलम आहे. हातमोजे स्वतःच्या पैशाने घेणाऱ्यांच्या पावत्या असतील तर त्याच पानाला टाचा.

निवेदनावर सह्या कायम नोकरीतल्यांच्या आधी घ्या. कंत्राटी माणसाची सही त्याला विचारून, नाहीतर नाव न देता त्याचा अनुभव लिहा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.