नकाशावर नसलेल्या वस्त्यांचा नकाशा कसा तयार करावा : महाविद्यालयीन गटांसाठी मार्गदर्शन

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा पुरेसा तपशीलवार डिजिटल नकाशा मदतपथकांच्या हाताशी नव्हता. उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे खुली होताच जगभरातील शेकडो स्वयंसेवकांनी त्यांवरून ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशात रस्ते, इमारती आणि तंबूंच्या छावण्या काढल्या, आणि प्रत्यक्ष बचावकार्य करणाऱ्यांनी तो नकाशा वापरला. त्याच वर्षी ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ ही संस्था रीतसर स्थापन झाली. २०१४ मध्ये रेड क्रॉस आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांच्या सहभागाने नकाशावर नसलेल्या वस्त्यांचे नकाशे तयार करण्याचा ‘मिसिंग मॅप्स’ हा प्रकल्प सुरू झाला, तर ‘यूथमॅपर्स’ हे विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे जाळेही त्याच सुमारास उभे राहिले. लसीकरण, हिवतापाच्या डासांसाठी घरोघरची फवारणी, पूर आल्यावरचे स्थलांतर या प्रत्येक कामात पहिला प्रश्न घरे कोठे आहेत आणि किती आहेत, हाच असतो. त्याचे उत्तर शोधण्यास महाविद्यालयातील मुले-मुली मदत करू शकतात. त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची आवश्यकता नाही. संगणक, माउस, बऱ्यापैकी इंटरनेट आणि भरपूर चिकाटी एवढे पुरते.

काम निवडताना प्रथम त्याची गरज पाहावी. ‘टास्किंग मॅनेजर’ या संकेतस्थळावर जगभरातील प्रकल्पांची यादी असते. त्यांतील प्रत्येकाच्या माहितीपानावर नकाशा कोणी मागितला आहे, तो कशासाठी वापरला जाणार आहे आणि नेमके काय काढायचे आहे, हे लिहिलेले असते. हे पान पूर्ण वाचल्याशिवाय कामाला हात घालू नये. केवळ इमारती मागितल्या असतील तर केवळ इमारतीच काढाव्यात. नवख्या गटाने नवशिक्यांसाठी खुला असलेला आणि इमारती सुट्यासुट्या व स्पष्ट दिसतात असा ग्रामीण भाग घ्यावा. दाट झोपडपट्टीचा भाग अनुभवी हातांसाठी सोडावा.

ओपनस्ट्रीटमॅपवर विनामूल्य खाते उघडून त्याच खात्याने टास्किंग मॅनेजरमध्ये प्रवेश करावा. तेथे प्रकल्पाचे क्षेत्र लहान चौकटींमध्ये विभागलेले असते. एक चौकट निवडली की ती आपल्या नावावर साधारणतः दोन तास राखून ठेवली जाते, म्हणजे दुसरा कोणी त्याच जागी काम करून गोंधळ होत नाही. वेळ अपुरा पडल्यास झालेले काम जतन करावे आणि चौकट अपूर्ण असल्याची नोंद करून ती मोकळी करावी. अर्धवट चौकट ‘पूर्ण’ म्हणून देण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

‘आयडी’ हे नकाशा काढण्याचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच उघडते. घर काढण्यासाठी क्षेत्राचे साधन निवडून कोपऱ्याकोपऱ्यावर क्लिक करावे, आकृती बंद करावी, तिला ‘इमारत’ हा प्रकार द्यावा आणि क्यू ही कळ दाबून कोपरे काटकोनात आणावेत. गोल झोपडीसाठी ओ ही कळ आहे. आफ्रिकेच्या अनेक भागांत ती वारंवार लागते. खरी कसोटी यापुढे आहे. उपग्रहाचे छायाचित्र बहुधा थोडे तिरपे घेतलेले असते, त्यामुळे उंच इमारतीचे छप्पर तिच्या पायापासून सरकलेले दिसते. अशा वेळी छपराचा आकार काढून ती आकृती उचलून पायावर आणून ठेवावी. सावली घराचा भाग म्हणून धरू नये. एकमेकांना लागून असलेली चार घरे एकाच मोठ्या आकृतीत कोंबू नयेत, कारण फवारणी करणारे पथक घरे मोजूनच औषधाचा हिशेब करते. गवताची गंजी, मोठा खडक, झाडाचा गोल घेर आणि पडक्या घराचे जोते या चार गोष्टी नवख्यांना हमखास फसवतात. छपराला कडा आहे का, सावली सरळ पडली आहे का, तेथपर्यंत पायवाट गेली आहे का, हे पाहिले की बहुतेक शंका मिटतात. तरीही खात्री होत नसेल तर ते काढू नये. नकाशावर नसलेल्या वाडीबद्दल निदान चौकशी तरी केली जाते. जेथे वाडीच नाही तेथे ती दाखवली तर गाडी विनाकारण जाऊन येते.

रस्ते काढताना ते एकमेकांना खरोखर जोडले गेले आहेत ना, हे तपासावे, कारण नुसते जवळजवळ आलेले दोन रस्ते मार्ग शोधणाऱ्या अ‍ॅपला तुटलेलेच दिसतात. ओढा किंवा नदी पाण्याच्या वाहण्याच्या दिशेनेच काढावी. गूगल मॅप्सवरून नावे किंवा रस्ते उतरवून घेणे हा परवान्याचा भंग आहे. अशी नोंद सापडल्यास ती काढून टाकली जाते. काम अधूनमधून जतन करावे आणि प्रत्येक वेळी काय बदलले, ते एका ओळीत लिहावे.

प्रत्येक चौकट नंतर दुसऱ्या, अनुभवी व्यक्तीने तपासायची असते. गटातील दोघा-तिघांनी पुरेसा सराव झाल्यावर ‘जेओएसएम’ हे अधिक समर्थ सॉफ्टवेअर शिकून ही जबाबदारी घ्यावी. ते एकमेकांवर चढलेल्या इमारती आणि न जोडलेले रस्ते आपोआप दाखवून देते. चूक करणाऱ्याला संदेश पाठवताना काय चुकले आणि ते कसे सुधारावे, हे दोन्ही लिहावे. माझे स्पष्ट मत असे आहे की एका दिवसाच्या ‘मॅपेथॉन’मध्ये, म्हणजे सर्वांनी मिळून नकाशा काढण्याच्या कार्यक्रमात, कोणी किती घरे काढली याची चुरस लावू नये. प्रमाणपत्रासाठी घाईघाईने काढलेली शंभर घरे तपासनिसाला पुन्हा काढावी लागतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक असलेल्या महाविद्यालयाने वर्षभर आठवड्यातून दोन तास काम केले, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

छायाचित्रावरून घर दिसते, परंतु ती शाळा आहे की दवाखाना, विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे का, हे दिसत नाही. टांझानियातील दार-ए-सलाम शहरात २०१५ पासून ‘रमानी हुरिया’ या प्रकल्पात विद्यापीठांतील विद्यार्थी आणि स्थानिक रहिवासी यांनी पूरप्रवण वस्त्या पायी फिरून नोंदवल्या. गटारे आणि नाले कोठून जातात, हे त्यांनी जागेवर पाहिले, आणि पाणी कोठवर चढते, हे तेथे राहणाऱ्यांना विचारले. ही माहिती कोणताही उपग्रह देऊ शकत नाही.

हीच पद्धत आपल्या तालुक्यातही वापरता येते. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता आणि बचावपथकांना डोंगर चढून जावे लागले. अशा ठिकाणच्या पायवाटा, पाणवठे आणि वाड्या-पाड्यांची नावे आधीच नोंदवून ठेवणे अगदी आवश्यक आहे. प्रथम ग्रामपंचायतीला भेटून काय करणार आहोत, ते सांगावे. वस्तीची खडान्‌खडा माहिती बहुधा आशाताईंना असते; त्यांना सोबत घेता आले तर अर्धे काम हलके होते. पाणवठ्यांबद्दल मात्र पाणी भरणाऱ्या बायकांनाच विचारावे. उन्हाळ्यात कोणती विहीर आटते, हे पारावर बसलेल्या पुरुषांना अनेकदा नीट सांगता येत नाही. अँड्रॉइड फोनवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अ‍ॅप प्रश्न विचारत नोंदी करवून घेते, तर ‘एव्हरी डोअर’वर दुकाने, शाळा, दवाखाने झटपट भरता येतात. वाडीचे नाव लोक जसे उच्चारतात तसे देवनागरीत लिहावे आणि स्थानिक माणसाकडून वाचून घेऊन पक्के करावे.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक (म्हणजे जागा व नकाशांशी निगडित) माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय नागरिकांना अशी माहिती गोळा करण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र संवेदनशील बाबींवर निर्बंध आहेत, त्यामुळे लष्करी आस्थापनांच्या आसपास सर्वेक्षण करू नये. कुटुंबाचे नाव, जात, आजार, मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही नकाशात भरू नये. हा नकाशा साऱ्या जगाला खुला असतो, आणि एकदा भरलेली माहिती नंतर पुसली तरी बदलांच्या इतिहासात सापडू शकते.

काम झाल्यावर नकाशा ज्यांना हवा आहे त्यांच्या हाती पोहोचवावा. नेटवर्क नसलेल्या भागासाठी ‘ऑरगॅनिक मॅप्स’ किंवा ‘ऑस्मअँड’ यांवर तो आधीच उतरवून ठेवता येतो. मात्र नव्या नोंदी त्यांत दिसण्यास काही आठवडे लागू शकतात, हे आरोग्यकेंद्राला आणि ग्रामपंचायतीला सांगून ठेवावे. छापील प्रत देताना तिच्यावर तारीख घालावी आणि परवान्याच्या अटीनुसार ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असा श्रेयोल्लेख करावा. पावसाळ्यानंतर वाहून गेलेले साकव आणि खचलेल्या वाटा पाहून नकाशा सुधारण्याची जबाबदारी गटातील कोणावर आहे, हे पहिली प्रत देण्यापूर्वीच ठरवावे.