कंडक्टर, कचरावेचक, डिलिव्हरीवाले: यांचे आभार नेमके कसे मानावेत?

एसटीत, दुकानात, सोसायटीच्या गेटवर दिवसभरात कितीतरी माणसांशी आपला दोन-दोन मिनिटांचा संबंध येतो. ‘थँक्यू’ म्हणायची सवय आता बऱ्यापैकी रुजली आहे आणि ती चांगलीच आहे. पण ज्याचे आभार मानतोय त्याचं काम आपल्याच मुळे वाढत असेल, तर नुसत्या शब्दाचा त्याला काय उपयोग? म्हणून आधी त्यांचं काम थोडं सोपं करावं आणि मग आभार मानावेत, असं मला मनापासून वाटतं. धीरही त्यातूनच येतो. समोरचा नक्की काय करतोय हे कळलं की चिडचिड आपोआप कमी होते.

१. समोरच्याच्या हातात काय आहे ते आधी बघा

एसटीचा कंडक्टर घ्या. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरतं. गाडी कितीही खचाखच भरलेली असो, सगळ्यांची तिकिटं वेळेत व्हायला हवीत. मध्येच तपासणी पथक चढलं आणि कुणी विनातिकीट सापडला, तर जाब कंडक्टरलाही द्यावा लागतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रवाशांना मोफत प्रवास मिळतो आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. सवलती उत्तमच आहेत, पण आजोबांचं आधार कार्ड पाहणं, वयाची खात्री करणं हे काम त्याच गर्दीत, त्याच हलत्या गाडीत त्याला करावं लागतं. ड्युटी संपली की डेपोत पैशांचा हिशेब द्यायचा, आणि रोकड कमी भरली तर ती त्याच्याच खिशातून जाते.

एवढं माहीत असलं की “चला, मागचे पुढे सरका” हे त्याचं ओरडणं मनाला लागत नाही. गाडी उशिरा का सुटली, भाडं का वाढलं, हे त्याने ठरवलेलं नसतं. जेवण गार झालं यात डिलिव्हरीवाल्याचा दोष क्वचितच असतो, आणि बँकेतलं सर्व्हर कॅशियरने बंद पाडलेलं नसतं.

२. आपली बाजू तयार ठेवा

सकाळच्या पहिल्या गाडीत पाचशेची नोट काढू नका. कंडक्टरकडे सुटे नसले की तो उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो आणि ती परत करण्याची जबाबदारी उतरेपर्यंत डोक्यावर वागवतो. सुटे किंवा यूपीआय, ओळखपत्र आणि कुठे उतरायचं त्या थांब्याचं नाव, हे सगळं तो जवळ येण्याआधी तयार असू द्या.

घरी काही मागवलं असेल तर पत्त्यात इमारतीचा विंग, मजला आणि जवळची खूण लिहा. फोन जवळ ठेवा, ओटीपी शोधायला दारात ताटकळत ठेवू नका. लिफ्ट बंद असेल तर आपणच खाली उतरावं. एप्रिल-मेच्या उन्हात गार पाण्याचा ग्लास विचारावा, “पाणी घेणार का?” एवढंच. आग्रह नको, त्याला पुढची ऑर्डर गाठायची असते.

साडीच्या दुकानात बजेट आणि रंग आधी सांगा. उलगडलेल्या प्रत्येक साडीची घडी दुकानातल्या माणसांनाच पुन्हा घालावी लागते, तीही बहुतेक वेळा उभ्याने. दुकानातल्या कामगारांना बसायला जागा मिळावी म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात बदल केला, यावरून या उभं राहण्याचा त्रास किती असेल ते ध्यानात येतं.

३. कचरा हाताने उचलला जातो, हे लक्षात ठेवून बांधा

माझ्या मते सगळ्यात मोठी कृतज्ञता इथे दाखवता येते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सदस्य घरोघरी कचरा गोळा करू लागले. तुमच्या गावात घंटागाडी येत असेल, कुठे नगरपालिकेचे कर्मचारी येत असतील. कुणीही येवो, पिशवीत शेवटी कुणाचा तरी हात जातोच.

ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणं घनकचरा नियमांनुसार बंधनकारकच आहे. पण त्याशिवाय आणखी काही गोष्टी करा. फुटलेली काच आणि ब्लेड जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असं लिहून वेगळी हातात द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांनी ही खूण वापरायला सांगितली, ती याचसाठी की पुडकं न उघडताच आत काय आहे ते कळावं. दुधाची पिशवी विसळून सुक्यात टाकायला अर्धं मिनिट लागतं. तसं केलं नाही तर तिचा आंबूस वास सगळ्या सुक्या कचऱ्याला लागतो आणि तो निवडणाऱ्याला दिवसभर सोसावा लागतो.

४. हाक नीट मारा

वॉचमन वयाने वडिलांच्या बरोबरीचा असला तरी त्याला ‘ए, गेट उघड’ म्हणणारी घरं कमी नाहीत. काका, मावशी, दादा, ताई यांपैकी जे वयाला शोभेल ते म्हणा आणि अहो-जाहो करा. रोज येणाऱ्याचं नाव विचारून घ्या. घरातली लहान मुलं हे आपोआप उचलतात.

५. राग आलाच तर

पहिलं वाक्य आरोपाचं नको, प्रश्नाचं असू द्या: “काय झालं? आता काय करता येईल?” मग उत्तर पूर्ण ऐका. मागे रांग असेल तर बाजूला होऊन बोला. चारचौघांत अपमान झाला की माणूस मदत करायच्या ऐवजी स्वतःला वाचवायला बघतो. तक्रार खरी असेल तर जरूर करा, गप्प बसणं म्हणजे धीर नव्हे. फक्त ती योग्य ठिकाणी करा. पदार्थ बिघडला असेल तर हॉटेलचे तारे कमी करा, आणणाऱ्याचे नकोत. त्याला पुढे काम मिळणं-न मिळणं त्या ताऱ्यांवर अवलंबून असू शकतं.

६. पैसे वेळेवर द्या

धुणंभांडी, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगार ठरलेल्या तारखेला, न मागता द्या. आपण गावाला गेलो म्हणून त्यांचे दिवस कापू नका. आठवड्याची एक सुट्टी आणि दिवाळीचा बोनस हा त्यांचा हक्क समजा. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी महाराष्ट्रात २००८ मध्ये कायदा झाला. तिथल्या नोंदणीसाठी त्या कुठे काम करतात याचा दाखला लागतो, तर तो स्वतःहून लिहून द्या.

७. चांगलं काम लिहून कळवा

तोंडी आभार मानताना कशाबद्दल ते सांगा: “आईला हात धरून उतरवलंत, फार बरं वाटलं.” आणि जमेल तिथे वरिष्ठांपर्यंत पोचवा. एसटी स्थानकावरच्या तक्रार वहीत कौतुकही लिहिता येतं. तारीख, वेळ, मार्ग, गाडीचा नंबर आणि कंडक्टरचा बिल्ला क्रमांक टाका, म्हणजे ती नोंद नेमक्या माणसाच्या नावे जाईल.