अण्णांना मॅजेस्टिक दाखवा

पहिल्या खेपेला आई-अण्णा बंगळूरला आले, तेव्हा मी एका दिवसात त्यांना विधानसौध, कब्बन पार्क, टिपूचा राजवाडा आणि एक मोठा मॉल असं सगळं उरकून दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना अण्णा म्हणाले, "परतीचं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ की." रागवारागवी काही नव्हती. आईचे गुडघे सुजले होते. आणि मिरज आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म काढलेला माणूस दोन दिवस माझ्या मागून मुकाट चालत होता. कुठली गाडी, कुठं उतरायचं, किती पैसे, सगळं मलाच माहीत. त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ते बारा दिवस राहिले. त्या वेळी मी एकच गोष्ट ठरवली होती. चौथ्या दिवसापर्यंत दोघांना माझ्याशिवाय एका ठिकाणी जाऊन घरी परत येता आलं पाहिजे. बाकीचं बंगळूर त्याच्या मागून. तुमचे आईवडील तुमच्या नव्या शहरात येणार असतील, तर मी काय काय केलं ते सांगते. शहर तुमचं वेगळं असेल, गुडघे साधारण तेच असतात.

पहिल्या दिवशी कुठंही नेऊ नका. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर हादरत आलेल्या माणसाला दुपारी झोप लागते. स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा. मी शहाणपणा करून सामानासकट मेट्रोत शिरले. तपासणीच्या यंत्रात आईच्या पिशवीतली विळी दिसली. "खोबरं काय नखानं खवायचं होतं काय?" असं आई त्या रक्षकाला मराठीत विचारत होती. त्याचं काही चुकलं नव्हतं, धारदार वस्तू मेट्रोत चालत नाही. शेवटी टॅक्सीच करावी लागली.

संध्याकाळी फक्त घराभोवती एक फेरी मारायची. दूध कुठं मिळतं (नंदिनीची निळी पिशवी आईला पातळ वाटते, हे आधीच धरून चाला), भाजीची गाडी किती वाजता येते, जवळचं देऊळ कुठलं, औषधाचं दुकान कुठलं. मी बनशंकरीला राहते. इथल्या जुन्या वस्त्यांत पत्ता क्रॉस आणि मेन यांच्या आकड्यांवर चालतो: मेन रस्ते एका दिशेला, क्रॉस त्यांना छेद देणारे, आणि दोन्हींना नंबर. ऐकायला हे सोपं वाटतं, पण मध्येच एखादा "ए क्रॉस" उगवतो आणि गणित बिघडतं. अण्णांना मी कागदावर चौकोन काढून दाखवले, तर ते म्हणाले, "हे तर वेळापत्रकासारखंच आहे. उभी फेरी, आडवी फेरी." दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे जाऊन कोथिंबीर घेऊन आले.

मग एक चिठ्ठी करा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि सगळ्यात मोलाचं. घराचा पत्ता, कोपऱ्यावरची ठळक खूण आणि तुमचा नंबर, हे सगळं तिथल्या लिपीत, तिथल्याच कुणाकडून लिहून घ्या. आमच्या इस्त्रीवाल्यानं लिहून दिलं. अशा दोन प्रती हव्यात, एक अण्णांच्या खिशात, एक आईच्या पाकिटात. मोबाइल बंद पडतो, नकाशा भलत्या गल्लीत नेतो, चिठ्ठी रिक्षावाल्यापुढं धरली की काम होतं. ॲपवरून रिक्षा बोलावणार असाल, तर ओटीपी म्हणजे काय आणि तो ड्रायव्हरला सांगायचा असतो, हे आधी समजावून ठेवा. बँकवाल्यांनी "ओटीपी कुणाला सांगू नका" हे त्यांच्या डोक्यात इतकं बसवलंय की माझ्या आईनं तो भर रस्त्यात ड्रायव्हरला सांगायला साफ नकार दिला.

भाषेची काळजी मी उगाच केली. मिरजेच्या अण्णांना कागवाड-अथणी मार्गावरच्या प्रवाशांमुळं कानडी येतं, पण ते "बर्री" (या), "हौद्री" (हो) वाल्या, उत्तर कर्नाटकी वळणाचं. बंगळूरचं कानडी वेगळं. माझं शिकवणीचं कानडी ऐकून लोक इंग्रजीत उत्तर देतात. अण्णांनी "एष्टरी?" (किती?) म्हटलं की भाजीवाली खुलून विचारते, "हुब्बळ्ळी कडेयवरा?" (हुबळीकडचे का?) आणि दोन मिरच्या जास्त टाकते. एक अडचण मात्र आहे. इथं रिक्षावाल्याला, दुकानदाराला, सगळ्यांना "अण्णा" म्हणतात. गर्दीत मी वडिलांना हाक मारली की आधी चार परके पुरुष वळून बघतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मेट्रो शिकवायची. नेऊन आणायचं नाही, शिकवायची. दोघांना वेगवेगळं कार्ड द्या, एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत. गेटमधून आधी त्यांना जाऊ द्या आणि तुम्ही मागून जा. तुम्ही आधी गेलात आणि त्यांचं कार्ड नीट लागलं नाही, तर तुम्ही पलीकडे आणि ते अलीकडे, मध्ये लोकांची रांग. सरकत्या जिन्याची भीती वाटत असेल तर हट्ट धरू नका, लिफ्ट असते. साडीचा काठ जिन्यात अडकेल ही आईची भीती काही वेडेपणाची नाही. आणि स्टेशनचं नाव पाठ करायला लावण्यापेक्षा आकडा द्या. बनशंकरीहून लालबाग चौथं स्टेशन: आरव्ही रोड, जयनगर, साऊथ एंड, लालबाग. "मुंदिन निल्दाण" (पुढचं स्टेशन) असं ऐकू आलं की अण्णा एक बोट मिटतात. पहिल्यांदा मी शेजारी बसले. दुसऱ्यांदा त्याच डब्यात, पण लांब उभी राहिले. तिसऱ्यांदा घरी बसले आणि अर्धा तास घड्याळाकडे बघत काढला.

लालबागच का? कारण तिथं बसायला बाकं आहेत, सावली आहे, स्वच्छतागृह आहे, आणि कंटाळा आला तर काही न बघता परत येता येतं. कुठलीही जागा निवडताना मी आता हीच चार कलमं तपासते. हैदर अलीनं १७६० मध्ये ही बाग सुरू केली, काचघर १८८९ चं. पण अण्णांना आवडला तो खडक. बागेत एक उघडा कातळ आहे, वर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाचा छोटा मनोरा. हा दगड सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. आपल्या मिरजेखालचा काळा दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा. हे सांगितल्यावर अण्णा बराच वेळ त्या कातळावर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "म्हणजे आपला अजून पाळण्यात." सगळी बाग पायी फिरवायला जाऊ नका, दोनशे चाळीस एकर आहे.

खाण्याचं थोडं सांभाळून. बंगळूरच्या दर्शिनी, म्हणजे झटपट खाण्याची छोटी हॉटेलं, स्वस्त आणि चांगल्या, पण बहुतेक ठिकाणी उभं राहून खायचं असतं. पासष्टीच्या माणसाला एका हातात गरम सांबाराची वाटी आणि दुसऱ्या हातात ताटली धरून उभं करणं हा पाहुणचार नव्हे. बसायची सोय असलेलं ठिकाण शोधा. गांधी बझारमधलं विद्यार्थी भवन १९४३ पासूनचं आहे, डोसा जाड आणि कुरकुरीत. शुक्रवारी बंद असतं, आणि रविवारी सकाळी रांग बघूनच भूक मरते, म्हणून आडवारी जा. एमटीआर या जुन्या हॉटेलची रवा इडली ही दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली त्यातून निघालेली, असं सांगतात. आईला ती गोष्ट इडलीपेक्षा जास्त आवडली. सांबारात गूळ असतो, याची कल्पना आधी द्या. कॉफी "बाय-टू" मागवायची, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. अण्णांना ही पद्धत इतकी पसंत पडली की घरी आल्यावर ते चहाही बाय-टू मागायला लागले.

दिवसातून एकदाच बाहेर खा. चौथ्या दिवशी तोंड भाकरीसाठी वळवळतं. तेव्हा उत्तर कर्नाटकी खानावळ गाठा: जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, सोबत भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी. किंवा सरळ आईला स्वयंपाकघर मोकळं करून द्या. तिनं जयसिंगपूरचं भडंग आणि दोन किलो ज्वारीचं पीठ आणलेलं असतंच.

आता मॅजेस्टिक. इथले लोक पाहुण्यांना तिथून लवकर बाहेर काढतात: गर्दी, धूर, धक्काबुक्की. मॅजेस्टिक म्हणजे शहराचं मुख्य बसस्थानक. समोर रेल्वे स्टेशन, खाली मेट्रोचं जंक्शन. नाव पडलं ते जवळच्या जुन्या मॅजेस्टिक टॉकीजवरून, आणि जागा आहे धर्मांबुधी नावाच्या बुजवलेल्या तळ्याची. मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला इथलं काय बघायचंय?" तर ते लाजत म्हणाले, "स्टँड." आम्ही फलाटावरच्या बाकावर दोन तास बसलो. कुठली गाडी किती मिनिटं थांबते, वाहक खाली उतरून हाका मारतो की नाही, गाडी मागं घेताना कोण शिट्टी मारतं, सगळं ते बघत होते. मग उठून तिथल्या एका कर्मचाऱ्याशी बोलायला गेले. कानडीत, ड्युटी, जादा पाळी आणि पेन्शनबद्दल. आल्यावर त्यांनी निकाल दिला, "गाड्या आमच्यापेक्षा बऱ्या, वेळ आमचीच बरी." हे दुसरं वाक्य मी तपासलेलं नाही.

तेव्हा विचारा. आईवडिलांना त्यांच्या कामाशी जोडलेली जागा विचारा. शिक्षक असतील तर शाळा सुटायच्या वेळी एखाद्या फाटकाशी उभं राहा, शेतकरी असतील तर घाऊक बाजार दाखवा.

बसचं एक सांगून ठेवते. आपल्याकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं. कर्नाटकात साध्या बसमध्ये बायकांना २०२३ पासून फुकट आहे, पण फक्त कर्नाटकातल्या रहिवाशांना. वाहक आधार बघतो. आईचं आधार मिरजेचं, त्यामुळं पूर्ण तिकीट. शेजारच्या बाईला फुकटचं तिकीट मिळालेलं बघून आईचा चेहरा जो उतरला, तो बनशंकरीपर्यंत तसाच. आधी सांगितलं असतं तर टळलं असतं.

देवळं आईला निवडू द्या. बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाच्या अर्ध्या सालीत तूप घालून दिवे लावतात, मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी. आमच्याकडे राहुकाळात कुणी नारळही फोडत नाही. आई आधी घाबरली, मग तिथल्याच एका आजीनं तिला हातवारे करून साल उलटी कशी करायची ते शिकवलं. भाषा एकाही बाजूला येत नव्हती. मल्लेश्वरममध्ये काडु मल्लेश्वराच्या देवळात मात्र अण्णा पुढं. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ नंतर, आणि त्यांचे चिरंजीव एकोजी यांनी या देवळाला गाव दान दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. अण्णांनी शिवाजी महाराजांच्या भावाचं देऊळ म्हणून मिरजेतल्या सात जणांना फोन केले. समोरच्या नंदितीर्थात नंदीच्या तोंडातून पिंडीवर पाणी पडतं. पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघे बघून ठरवा.

कधी बोलवायचं हे तुमच्या हातात असेल, तर कार्तिकातला शेवटचा सोमवार धरा. आपला आणि त्यांचा कार्तिक एकच, अमावास्येला संपणारा, त्यामुळं आईच्या कॅलेंडरवर तारीख सापडते. त्या दिवशी बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिषे भरते, म्हणजे शेंगांची जत्रा. नंदी येऊन शेंगांचं पीक खायचा, म्हणून शेतकऱ्यांनी पहिलं पीक त्याला वाहिलं, अशी कथा. रस्ताभर शेंगांचे ढीग: कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. आमच्या दोघांनी प्रत्येक ढिगाशी थांबून एक एक शेंग फोडून चाखली आणि शेवटी पहिल्याच बाईकडून घेतल्या. सकाळी लवकर जा. संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

मैसूर "एका दिवसात" उरकू नका, त्याला वेगळे दोन दिवस हवेत. नंदी हिल्सचा सूर्योदय बघायला पहाटे तीनला उठवू नका. मॉल पावसापुरता ठेवा.

परतीच्या गाडीला केएसआर, म्हणजे मॅजेस्टिकसमोरच्या स्टेशनवरूनच बसवा. गाडी तिथूनच सुटते, सामान नीट लावता येतं. सोबत अर्धा किलो ताजी दळलेली कॉफी द्या. दुकानदार चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळांची पूड) किती विचारेल, वीस टक्के सांगा. पुडीबरोबर स्टीलचा फिल्टरही द्या, आणि तो कसा वापरायचा ते एकदा करून दाखवा. मी फक्त पूड दिली. आईनं ती चहासारखी दुधात उकळली, फडक्यानं गाळली, आणि मला फोन करून विचारलं, चोथा तुळशीला चालतो का. थोडा थोडा चालतो.