जुन्या कोंबड्यांत नवीन तलंगा सोडायच्या असतील तर

घरी आधीच सहा-सात कोंबड्या असतात आणि मग कुणी गाडीवर फिरणाऱ्याकडून महिना-दीड महिन्याची पिल्लं घेतं, कुणाला सरकारी योजनेतला २५ तलंगा (म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि ३ नरांचा गट मिळतो, आणि पहिला विचार हाच येतो की सोडूया सगळी एकत्र, दोन दिवस भांडतील आणि मग बसतील गप्प. कृपा करून असं करू नका. मोठी कोंबडी लहान पिल्लाच्या डोक्यावरच चोच मारते, दोन-चार फटक्यांत पिल्लू जातं, आणि जे वाचतं ते कोपऱ्यात दबून राहतं, खाण्यापाशी त्याला येऊच देत नाहीत, मग आठवड्याभरात ते वाळून मरतं आणि आपल्याला वाटतं काहीतरी रोग आला.

कोंबड्यांमध्ये कोण आधी खाणार, रात्री वरच्या दांडीवर कोण बसणार हे सगळं ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ सालीच यावर लिहून ठेवलंय, पण ज्याने रोज सकाळी खुराडं उघडलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. नवीन पक्षी आला की ही उतरंड पुन्हा मांडावी लागते आणि ती चोचीनेच मांडली जाते, त्यामुळे थोडी टोचाटोची होणारच, आपण फक्त ती रक्तापर्यंत जाऊ द्यायची नाही.

खुडूक कोंबडीने स्वतः काढलेली पिल्लं असतील तर तुम्हाला फारसं काही करायचं नाही, आई सगळ्यांना पुरून उरते. हे सगळं बाहेरून आणलेल्या किंवा बल्बखाली वाढवलेल्या, आई नसलेल्या पिल्लांसाठी आहे.

सगळ्यात आधी ती वेगळी ठेवा. निदान तीन-चार आठवडे, आणि जुन्यांपासून जमेल तितकी लांब, घराच्या दुसऱ्या बाजूला असेल तर उत्तम. भांडी वेगळी, आणि आधी जुन्यांचं खाणं-पाणी उरकून मग नवीनांकडे जायचं, उलटं नाही, येताना हात धुवायचे आणि चपला बदलायच्या. बाजारातून आलेलं पिल्लू वरून ठणठणीत दिसतं आणि आठवड्याने घरघर सुरू होते, डोळ्यांतून पाणी येतं, नाहीतर रक्ती हगवण लागते. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर अख्खा कळप साफ होतो, त्यामुळे विकणाऱ्याला लसीचं विचाराच. मानमोडीची पहिली लस लासोटा साधारण ५व्या ते ७व्या दिवशी, गंबोरो रोगाची दोन आठवड्यांच्या सुमारास, आणि ८व्या आठवड्याच्या आसपास मानमोडीचीच दुसरी लस, आर-टू-बी. त्याला नीट सांगता येत नसेल तर दिली नाही असं धरा आणि जनावरांच्या दवाखान्यात विचारा. याच दिवसांत जंताचं औषधही देऊन घ्या, पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा-पिसवा आहेत का तेही पिसं बाजूला सारून बघा.

वयाचं म्हणाल तर १०-१२ आठवड्यांच्या आत मिसळायची घाई नको. पण वयापेक्षा अंगाकडे बघा, गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींची तलंग त्या वयात चांगली भरलेली असते आणि गावरान तेवढ्याच वयाची निम्मी दिसते. जुन्या कोंबडीच्या निदान दोन-तृतीयांश तरी अंग झालेलं पाहिजे. आणि एकटं पिल्लू कधीच सोडायचं नाही, दोन तरी हवीत, तीन-चार असतील तर मार विभागला जातो.

आता खरं महत्त्वाचं काम, ते म्हणजे जाळीआडची ओळख. खुराड्यातच किंवा त्याला लागून जाळीने एक भाग तोडून घ्या आणि नवीन पोरी त्यात ठेवा, एक-दोन आठवडे. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, मोठ्या भोकांच्या षटकोनी जाळीतून पिल्लू डोकं बाहेर काढतं आणि तिथेच मार खातं. डालग्याखाली (बांबूच्या टोपलीखाली) झाकून हे होत नाही, एवढे दिवस डालग्यात पिल्लांना हलायलाही जागा नसते. पहिल्या दिवशी बघा, जुन्या सगळ्या जाळीपाशी जमतात, मानेची पिसं फुलवून, एक पंख खाली टाकून तिरक्या तिरक्या चालतात, जाळीवर चोच आपटतात. मग जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळ जवळ खाणं ठेवायला लागा म्हणजे समोरासमोर खायची सवय होते. काही दिवसांनी जुनी कोंबडी त्याच जाळीला टेकून मातीत अंग घोळायला लागली आणि आतल्या पिल्लांकडे ढुंकूनही बघत नसली की समजा वेळ झाली.

बरेच जण सांगतात रात्री अंधारात गुपचूप दांडीवर नेऊन ठेवा, सकाळी त्यांना कळतच नाही. कळतं. कोंबड्या एकमेकींना तोंडावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. रात्री ठेवल्याने रात्र शांत जाते एवढाच फायदा, आणि तोही जाळीचे दिवस झाले असतील तरच, शिवाय उजाडायच्या आत तुम्ही तिथे हजर पाहिजे, बंद खुराड्यात पळायला जागा नसते. मला विचाराल तर संध्याकाळी झोपायच्या तासभर आधी मोकळ्या परसात एकत्र सोडणं जास्त चांगलं, सगळ्या चरण्यात गुंग असतात आणि मग अंधार पडतोच. रोज थोडा वेळ वाढवत न्यायचा.

परसात आडोसे करून ठेवा, उभी टेकवलेली फळी, झाडाच्या फांद्यांचा ढीग, दोन्ही बाजूंनी उघडी टोपली. दोन्ही बाजूंनी उघडी हे लक्षात ठेवा, एकच तोंड असेल तर पिल्लू आत कोंडलं जातं. खाण्याची भांडी दोन-तीन, पाण्याचीही तशीच, एकमेकांपासून लांब, म्हणजे एक दांडगी कोंबडी सगळ्यांवर राज्य करू शकत नाही. आणि खुराड्यात प्रत्येक पक्ष्याला ३-४ चौरस फूट जागा तरी बसते का ते आधीच मोजा, दाटीमुळे होणारी भांडणं कितीही ओळख करून दिली तरी थांबत नाहीत.

लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य लहानांच्या पोटात जाऊ देऊ नका, त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि ते कोवळ्या किडनीला झेपत नाही. सोपा उपाय म्हणजे सगळ्यांनाच ग्रोवर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, अंडी घालणाऱ्या स्वतःहून खातात.

पाठलाग केला, एखादी चोच मारली, पिसं उडाली तर मध्ये पडू नका. रक्त दिसलं की मात्र त्या क्षणी उचला, लाल दिसलं की सगळ्याच टोचायला लागतात, नवीनसुद्धा. मिठाच्या पाण्याने धुऊन हळद लावा किंवा जेंशन व्हायोलेट, जांभळ्या रंगाने लाली झाकली जाते. जखम भरल्यावर परत सोडताना सोबतीला एक जोडीदारीण द्या. आणि एकच कोंबडी हात धुऊन मागे लागली असेल तर पिल्लाला नाही, तिलाच तीन-चार दिवस दुसरीकडे ठेवा, परत येते तेव्हा तिचाच नंबर खाली गेलेला असतो आणि तोरा उतरतो.

नवीन गटात नर असतील तर त्यांचे तुरे लाल व्हायला लागले की निर्णय घ्या, ८-१० माद्यांमागे एक कोंबडा पुरे. जुना कोंबडा शांत असेल तर तो राहू द्या, बायकांची भांडणं तो बऱ्याचदा मध्ये घुसून सोडवतो.

या सगळ्यात जुन्यांची अंडी काही दिवस कमी होतील, औषध द्यायला धावू नका. आणि पाच-सहा महिन्यांच्या झाल्यावर तलंगा अंड्यावर येतात तेव्हा अंडी घालायच्या खोक्यावरून पुन्हा एकदा भांडणं होतात, चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं या हिशोबाने आधीच वाढवून ठेवा.