सासवडला घर घेताना: कागद कसा मागायचा, पाणी कसं मोजायचं

माझी नोकरी हडपसरला, दवाखान्यात सिस्टर म्हणून. मिस्टर जेजुरीच्या एमआयडीसीत. दोघांच्या मधोमध सासवड. २०२२ साली आम्ही इथं अडीच गुंठ्यांतलं, ओटा आणि मागे चार फुटांची बोळ असलेलं घर घेतलं. त्याआधी दीड वर्ष फिरलो, अकरा घरं पाहिली आणि एका ठिकाणी लाखभर रुपये अडकवून बसलो. आता वॉर्डातली एखादी तरी मैत्रीण दर महिन्याला विचारते, "सिस्टर, आम्हालाही तिकडं बघायचंय, काय काय पाहू?" प्रत्येकीला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. भोर, चाकण, तळेगाव दाभाडे अशा नगरपरिषदेच्या कुठल्याही गावात यातलं बरंचसं कामाला येईल.

पुण्यात फ्लॅट घेताना बिल्डरच्या ऑफिसात फाईल तयार असते. इथं विकणारा आपल्याला ओट्यावर बसवतो, चहा देतो आणि "आमच्या वडिलांपासूनचं आहे, सगळं क्लिअर आहे" म्हणतो. मध्यस्थ त्याचा मावसभाऊ निघतो, शेजारचा किराणावाला आपल्या मिस्टरांच्या ओळखीचा निघतो. अशा ठिकाणी कागद मागायला जीभ रेटत नाही, आणि सगळी गडबड तिथंच होते. माणसं खोटं बोलत असतात असं नाही. बऱ्याचदा त्यांनी स्वतःच तो कागद तीस वर्षांत उघडून पाहिलेला नसतो.

मी एक वाक्य पाठ केलं होतं: "अण्णा, आमचं कर्ज आहे, बँकेचा वकील एवढे कागद मागतोय." यात खोटं काहीच नाही आणि समोरच्याचा मानही राहतो. तुम्ही रोखीनं घेणार असलात तरी वकील लावा, आणि त्या वकिलाच्या नावानं कागद मागा. विकणारा खरा असेल तर दोन दिवसांत पिशवी घेऊन येतो. आम्हाला घर विकणारे अण्णा तर ट्रंकेतून पिवळी पडलेली १९७८ ची पावतीसुद्धा घेऊन आले होते.

कुठले कागद?

आधी एक गैरसमज काढून टाका. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. नगरपरिषद कर बसवते तो वसुलीपुरता, मालकी ठरवायला नव्हे. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही आणि जागाही त्याची होत नाही. मला पाहिलेल्या घरांपैकी चार ठिकाणी मालकीचा पुरावा म्हणून करआकारणीचा उताराच दाखवला गेला.

मालकीसाठी बघायचा तो सातबारा, आणि जागा सिटी सर्व्हेत आली असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. जुन्या गावठाणातल्या घरांना बहुधा प्रॉपर्टी कार्डच असतं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर निघतो, त्यामुळे विकणाऱ्यानं दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. स्वतः काढा, आणि इसार देण्याच्या आदल्या दिवशी परत काढा.

उतारा हातात आला की मालकाच्या नावाआधी "इतर हक्क" हा रकाना वाचा. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं असतं. भोगवटादार वर्ग १ आहे की २, तेही पाहा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. देवस्थान इनामाची जमीन असेल तर सरळ उठून या. मग उताऱ्यावर दिलेले फेरफार क्रमांक घ्या आणि एकेक फेरफार काढून वाचा: जमीन कुणाकडून कुणाकडे, कशानं आली. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदी तपासून दिलेला अहवाल, घ्या. बँकेचा वकील सर्च करतो तो बँकेसाठी. आपला वेगळा असू द्या, चार-पाच हजारांकडे बघू नका.

बहिणींची सही

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. इकडचे निम्मे व्यवहार इथंच अडकतात.

अण्णांच्या उताऱ्यावर त्यांचं आणि धाकट्या भावाचं नाव होतं. वडील वारल्यावर वारस नोंद झाली तेव्हा बहिणीचं नाव लागलंच नव्हतं. "तिचं लग्न करून दिलं, तिचा काय संबंध?" असं मध्यस्थ म्हणाला. संबंध पूर्ण आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहीण आज गप्प असेल. उद्या तिच्या मुलांनी दावा लावला तर कोर्टाच्या पायऱ्या आपण चढायच्या.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी गप्पा मारा. मी अण्णांच्या आईजवळ बसले. त्या अंगणात शेंगा सोलत होत्या, मीही दोन मुठी सोलायला घेतल्या. सहज विचारलं, "आजी, लेकरं किती?" "चार. एक पाळण्यातच गेलं. आक्का इंदापूरला दिलीय." उताऱ्यावर नसलेली वारस मला अशी कळली. मग अण्णांना सांगितलं की आक्कांची सही हवी. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा किंवा खरेदीखतात त्यांना लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्यांपैकी एक, म्हणून घ्या. आम्ही दुसरं केलं, आणि त्यांच्या वाट्याचा चेक थेट त्यांच्या नावानं काढला. नोंदणीच्या दिवशी आक्का एसटीनं आल्या. अंगठा घेणाऱ्या यंत्रावर त्यांचा ठसा दोनदा उमटेना, भांडी आणि शेतीनं रेषाच झिजलेल्या. तिसऱ्यांदा पदरानं बोट पुसून ठेवलं तेव्हा उमटला. बाहेर आल्यावर चेक त्यांनी दुमडून बटव्यात ठेवला आणि म्हणाल्या, "बापाच्या घराचं माझ्या हातात आलेलं पहिलंच हे." तो चेक काढायला लावला याचं मला आजही समाधान आहे.

गुंठ्यांचं घर

लाख रुपये अडकले ती गोष्ट अशी. गावाच्या कडेला नवं, टाइल्स लावलेलं, स्वस्त घर होतं. मालक म्हणाला, "दोन गुंठे तुमच्या नावावर होतील." होणार होते, पण अकरा गुंठ्यांच्या सामाईक सातबाऱ्यावर सहा नावांतलं एक म्हणून. कुठले दोन गुंठे, ते कागदावर कुठंच नाही. लेआउट मंजूर नाही, रस्ता फक्त मुरूम टाकून दाखवलेला. शेतजमिनीचे असे तुकडे पाडायला तुकडेबंदी कायद्याची आडकाठी आहे, म्हणून सामाईक नावं लावायची पद्धत पडली. बँकेनं कर्ज नाकारलं. इसार आम्ही साध्या कागदावर दिला होता, तो तीन हप्त्यांत परत यायला चौदा महिने लागले.

गुंठेवारीतलं, म्हणजे असं गुंठागुंठा तोडून विकलेल्या जमिनीवरचं, प्रत्येक घर वाईट असं मी म्हणत नाही. गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट उघडली, तुकडेबंदीतही २०२५ मध्ये सरकारनं सवलत दिली. पण नियमितीकरणाचा दाखला प्रत्यक्ष हातात असेल तरच बोलणी करा. "फाईल टाकलीय, होणारच आहे" हे ऐकून पैसे देऊ नका.

घरासाठी मागायचं ते असं: अकृषिक (जमीन शेतीऐवजी घरासाठी वापरायचा) आदेश किंवा सनद, मंजूर लेआउट, नगरपरिषदेची बांधकाम परवानगी मंजूर नकाशासह, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधून झालेलं घर वापरायची परवानगी. नकाशा घेऊन घरात फिरा. आमच्या घराच्या नकाशात जिना बाहेरून होता, प्रत्यक्षात आतून. तेवढं चालून गेलं. वरचा अख्खा मजलाच नकाशात नसेल तर तो फुकट समजून भाव करा. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. विकास आराखड्यातला रस्ता आपल्या स्वयंपाकघरातून तर जात नाही ना, ते त्यात दिसतं. हद्दीबद्दल थोडी जरी शंका असली तरी भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या आणि मोजणीच्या नकाशाची "क" प्रत फाईलला लावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. टेप लावून तुम्हीच एकदा गुणाकार करा.

नव्या स्कीममध्ये घेत असाल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर बघा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असली तर नोंदणीतून सूट असते. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही.

पाणी बघायला मे महिन्यात या

दिवाळीनंतर कऱ्हेचा काठ हिरवागार असतो, सीताफळं-अंजिरांचे दिवस असतात, आणि कुठलंही घर आवडतं. पुरंदर हा कमी पावसाचा तालुका. घर एप्रिल-मेमध्ये बघा, पुरुष माणसांना विचारू नका, पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मोटर लावल्याशिवाय चढतं का, टँकर शेवटचा कधी मागवला.

आणि मोजा. मी पाणी यायच्या वेळी पंधरा लिटरची बादली घेऊन गेले होते. एका घरी ती ७५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाणी दिवसाआड ४५ मिनिटं, म्हणजे एका पाळीला ५४० लिटर. आम्हा चौघांना दोन दिवसांना हजार तरी लागतात. घर छान होतं, सोडून दिलं. आम्ही घेतलं ते उताराच्या बाजूला आहे, तीच बादली ३० सेकंदांत भरली. शिवाय ५,००० लिटरची जमिनीतली टाकी आधीच बांधलेली होती. बोअर असेल तर तीही मेमध्येच अर्धा तास सलग चालवून पाहा.

सांडपाणी कुठं जातं तेही विचारा. ड्रेनेज लाइन आहे की शोषखड्डा, आणि खड्डा शेवटचा कधी उपसला. दुसरी फेरी जुलैत, मोठ्या पावसात मारा. छताच्या कोपऱ्यात बुरशी, भिंतीवर पोपडे तेव्हाच दिसतात. काळ्या मातीतल्या पायाच्या घरांना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरके तडे जातात. नुकताच रंग दिला असेल तर भिंतीवरून हात फिरवा.

तिसरी फेरी तुमच्या ड्यूटीच्या वेळेची. माझी सकाळपाळी सातची. मी आठवडाभर सासवडहून निघून दिवे घाट उतरून पाहिला, संध्याकाळी परत चढून पाहिला, एकदा बोपदेव घाटानंही आले. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी घाट चढून सासवडला दोन मुक्काम करते. पालखी घाटात असते त्या दिवशी गाड्या बंद, रजा टाकायची. आता तर मी त्या दिवशी ओट्यावर पाण्याचे पिंप भरून ठेवते.

विमानतळाचा भाव देऊ नका

इथं प्रत्येक विकणारा विमानतळाचं नाव घेतो. २०१६ पासून चर्चा आहे, आणि त्यासाठीची सात गावं ठरलेली आहेत: वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. त्या बाजूला काही घेणार असाल तर गट नंबर संपादनात आहे का ते लेखी तपासा, रिंगरोडचंही तसंच. आपल्याला राहायला घर हवंय. आज शेजारचं घर कितीला गेलं, एवढ्यावर भाव करा. ते कळायला नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर सूची क्रमांक २ शोधा, खरेदीची रक्कम त्यात दिसते.

पैसे आणि नोंदणी

इसार चेकनं आणि लेखी द्या, आणि कागदात लिहा की कर्ज किंवा टायटल नाकारलं गेलं तर रक्कम किती दिवसांत परत. वकिलाकडून पेपरात जाहीर नोटीस द्या. मग साठेखत, म्हणजे पुढं विक्री करण्याचा करार, मग खरेदीखत. साठेखतानं मालकी येत नाही, त्यावर वर्षानुवर्षं थांबू नका. विकणारा थोडी रोख मागेल. वीस हजार किंवा त्यापुढची रोख जमीन-घराच्या व्यवहारात कायद्यानंच बंद आहे, आणि कागदावर नसलेले पैसे भांडण झालं की सिद्ध करता येत नाहीत. आम्ही नाही म्हणालो, अण्णांनी ऐकलं.

मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरची (सरकारनं ठरवलेली) किंमत यांतली जी जास्त असेल तिच्यावर लागतं. नगरपरिषद हद्दीचा दर महापालिकेपेक्षा वेगळा असतो, चलन काढण्याआधी तपासून घ्या. खरेदी फक्त बाईच्या नावानं केली तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, त्यातून वाचलेल्या पैशांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा.

किल्ली मिळाली की लोक वास्तुशांतीच्या मागे लागतात आणि पुढचं राहून जातं. खरेदीखताची प्रत देऊन सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर फेरफार नोंदवा. हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस निघते, ती मुदत संपल्यावर नोंद मंजूर झाली का ते स्वतः जाऊन विचारा. मग नगरपरिषदेच्या कर विभागात नाव, नळजोडाचं नाव, महावितरणच्या मीटरचं नाव. जुनी घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल शून्य झाल्याच्या पावत्या शेवटचा चेक देण्याआधी घ्या. नवा उतारा हातात आला की काउंटरवरून हलायच्या आधी आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि क्षेत्र आधार कार्ड आणि खरेदीखताशी एकेक अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.