इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत आपलं मूल काय शिकतं

सप्टेंबर संपत आला की नव्याने आलेल्या मराठी आईबाबांचा एक प्रश्न हमखास येतो. "ताई, शाळेत शिकवतात तरी काय? पाठ्यपुस्तक नाही, वही घरी येत नाही, गृहपाठ तर नावाला." मी इथल्या एका प्राथमिक शाळेत बरीच वर्षं टीचिंग असिस्टंट आहे, वर्ग रोज आतून बघते. वह्या असतात, भरपूर असतात, फक्त त्या शाळेतच राहतात. पॅरेंट्स ईव्हनिंगला त्या मागून घ्या आणि नीट चाळा.

मी सांगते ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचा अभ्यासक्रम वेगळा आहे.

वर्ग वयावर ठरतो. वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं धरतात. चार पूर्ण झाले की पुढच्या सप्टेंबरला रिसेप्शन म्हणजे शाळेचा पहिला वर्ग, मग इयर वन ते इयर सिक्स. पुण्यात दुसरीत असलेलं मूल इथे बहुधा इयर थ्रीत बसतं. "हुशार आहे, वरच्या वर्गात घ्या" म्हणून मागे लागू नका, तसं सहसा होत नाही. रिसेप्शनचा अर्ज कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडे, १५ जानेवारीच्या आत गेला पाहिजे. वर्षाच्या मधेच आलात तर इन-इयर अर्ज करायचा, तोही घराचा पत्ता पक्का झाल्या झाल्या.

रिसेप्शनमध्ये मुलं खेळताना दिसतील. घाबरू नका. पाण्यात मापं भरणं, दुकान-दुकान खेळणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, पूर्ण वाक्यात बोलणं हाच त्या वर्षाचा अभ्यास आहे.

खरी मेख फोनिक्समध्ये, म्हणजे आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीत आहे. आपण मुलांना 'ए फॉर ॲपल' पाठ करून आणतो आणि इथे पहिल्या आठवड्यापासून अक्षरांच्या नावांऐवजी आवाज शिकवतात. पहिले सहा आवाज बहुतेक ठिकाणी स्, ॲ, ट्, प्, इ, न्. ते जोडून मूल 'सॅट', 'पिन', 'टॅप' वाचायला लागतं. आपल्या मुलांना हे सोपं जायला हवं, कारण बाराखडीत आपण तेच करतो. पण घरी सराव घेताना आपण 'स', 'ट', 'प' असे अकारासकट आवाज काढतो. मग मूल 'स-ॲ-ट' म्हणतं आणि त्याचा 'सॅट' होत नाही. पाय मोडून म्हणा: स्स्, ट्, प्. एवढ्या एका सवयीने अडलेली मुलं सुटलेली मी पाहिली आहेत.

इयर वनच्या शेवटी, जूनमध्ये, फोनिक्स चेक असतो. शिक्षिका एकेका मुलाला शेजारी बसवून ४० शब्द वाचून घेते. त्यातले २० शब्द निरर्थक असतात आणि शेजारी एका परग्रहवासी प्राण्याचं चित्र असतं. इथे आपली चांगली वाचणारी मुलं फसतात. समोर 'स्ट्रॉम' असतं, मूल त्याला ओळखीचं करून 'स्टॉर्म' वाचतं आणि गुण जातो. तेव्हा घरी सांगून ठेवा, चित्र दिसलं की जसं लिहिलंय तसंच वाचायचं. आजवर ३२ बरोबर आले की पुरे धरलं गेलं आहे. कमी पडले तर इयर टूमध्ये पुन्हा घेतात, शिक्का वगैरे बसत नाही.

यापुढचं सगळं वाचनावर उभं आहे. दप्तरात एक छोटं पुस्तक आणि रीडिंग रेकॉर्ड, म्हणजे वाचनाची नोंदवही येते. रोज दहा मिनिटं शेजारी बसून ऐका आणि रेकॉर्डमध्ये सही करा. आपल्याकडचे पालक सही करतात, ऐकत नाहीत. ऐकलं तरी मूल न अडखळता वाचतंय एवढ्यावर समाधान मानतात. शाळा मात्र विचारते, त्याने दार का लावून घेतलं असेल? ती गप्प का बसली? कुठल्या शब्दावरून कळलं? आपली मुलं घडाघडा वाचतात आणि या प्रश्नाला खांदे उडवतात. इयर सिक्सचा वाचनाचा पेपर तासाभराचा असतो आणि त्यात अशा प्रश्नांचं वजन मोठं असतं. इतिहास, विज्ञान, धर्मशिक्षण सगळीकडे हेच: तुला काय वाटतं आणि कशावरून?

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते. घरातलं मराठी बंद करू नका. "शाळेत मागे पडेल" या भीतीने चांगली शिकलेली माणसंही घरात इंग्रजी सुरू करतात. एका कुटुंबात मी हे जवळून पाहिलं. आईबाबांचं इंग्रजी ऑफिसपुरतं. घरी ते 'कम', 'ईट', 'हरी अप', 'ब्रश युवर टीथ' एवढ्यावर आलं. मुलगी आधी मराठीत गोष्टी रचून सांगायची, ते थांबलं. इंग्रजीतही तिच्याकडे तेवढेच हुकूम उरले. आजीच्या फोनवर ती 'हाय' म्हणून पळून जायची. बर्फ का वितळला हे ज्या मुलाला मराठीत समजावून सांगता येतं, त्याला वर्गात फक्त इंग्रजी शब्द शोधायचे असतात. ज्याला कुठल्याच भाषेत सांगता येत नाही, त्याच्यासाठी आम्हालाही फार काही करता येत नाही. शाळेचं पुस्तक इंग्रजीत वाचा, त्यावर गप्पा मराठीत मारा. आमच्या शिक्षिकाही हेच सांगतात.

गणितात वाद होतो तो पद्धतीवरून. ३६ × ४ साठी मूल ३० × ४ = १२० आणि ६ × ४ = २४ असं वेगळं लिहून १४४ काढतं. बाबा ते खोडून उभी मांडणी शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी मूल फळ्यासमोर गोंधळून उभं राहतं. उभी मांडणी इथेही येते, जरा थांबून येते. आधी संख्या फोडायला शिकवतात, आणि मला ते पटतं. पाढ्यांत मात्र आपण पुढे आहोत. इयर फोरच्या जूनमध्ये संगणकावर १२ × १२ पर्यंतचे २५ प्रश्न येतात, प्रत्येकाला सहा सेकंद. आमच्याकडचा एक मुलगा ओठातल्या ओठात 'सात आठे छप्पन्न' म्हणतो आणि ५६ दाबतो, इतर मुलं बोटांवर असताना. मराठीत पाढे म्हणून घ्या, बिनधास्त.

इतिहास सनावळ्यांचा नाही. इयर टूच्या आसपास लंडनची १६६६ची मोठी आग येते: पुडिंग लेनमधल्या बेकरीत ती कशी लागली, रोजनिशी लिहिणाऱ्या सॅम्युअल पेप्सने आपलं चीज बागेत कसं पुरून ठेवलं. त्याच साली शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, हे घरी सांगा. मुलं ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगतात आणि शिक्षिका मनापासून ऐकते. पुढे अश्मयुग, रोमन, अँग्लो-सॅक्सन, व्हायकिंग, ग्रीक. प्राचीन संस्कृतींत सिंधू संस्कृतीचाही पर्याय आहे, पण ममी आणि पिरॅमिडमुळे शाळा इजिप्तकडे वळतात. भारतावरचं ब्रिटिश राज्य प्राथमिकच्या सक्तीच्या इतिहासात नाही. मला ही मोठी उणीव वाटते आणि ती भरणं आपल्याच हातात आहे.

विज्ञानात एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची शिस्त लावतात. इयर फाइव्हला अवकाश, इयर सिक्सला उत्क्रांती. इयर थ्रीपासून एक परकी भाषा, बहुधा फ्रेंच किंवा स्पॅनिश. प्राथमिक संपेपर्यंत २५ मीटर पोहता यावं अशी अपेक्षा असते. शाळेचे पोहण्याचे तास थोडे असतात, वेगळा क्लास लावा.

धर्मशिक्षणातून मुलाला काढून घ्यायचा हक्क पालकांना आहे. काही जण तो वापरतात, मला ते मुळीच पटत नाही. तिथे ख्रिस्ती, मुस्लिम, शीख, ज्यू, हिंदू सगळे धर्म येतात. दिवाळीच्या सुमारास पणती आणि रांगोळी घेऊन वर्गात जाऊ का, असं विचारा, बहुतेक शिक्षिकांना आनंदच होतो. नातेसंबंधांचं शिक्षण २०२० पासून सक्तीचं आहे. त्यात मैत्री, कुटुंब, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणं असतं. तो अभ्यासक्रम शाळेकडून मागून वाचा, मगच मत बनवा.

इयर सिक्सच्या मेमधल्या सॅट्सबद्दल, म्हणजे देशभर होणाऱ्या चाचण्यांबद्दल, आपल्या लोकांत उगाच धास्ती आहे. सेकंडरी शाळेची जागा त्याआधीच, १ मार्चला कळलेली असते, त्यामुळे प्रवेश सॅट्सवर ठरत नाही. इलेव्हन प्लस ही वेगळी परीक्षा, ग्रामर शाळा म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सेकंडरी शाळा असलेल्या भागांपुरती. इयर टूच्या मुलाला तिच्या ट्यूशनला बसवणारे पालक पाहिले की मला वाईट वाटतं. त्या वयात त्याला गोष्टीची पुस्तकं हवीत.

सत्र चालू असताना भारतात जाऊ नका. विनापरवाना पाच दिवस बुडाले की प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो.

आणि कौन्सिलच्या ग्रंथालयाचं मुलाचं कार्ड फुकट मिळतं. येत्या शनिवारी जाऊन काढा, पुस्तकं मुलाला स्वतः निवडू द्या.