उन्हाळ्यात इंजेक्शनचं पेन घरी आणताना

वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. मेडिकलमधून आणताना पेन स्कूटरच्या डिकीत टाकू नका, तिथे नुसती भट्टी असते.

थर्मल पिशवी न्या. जेल पॅक नॅपकिनमध्ये गुंडाळा. पेन त्याला थेट चिकटलं तर गोठू शकतं. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, खोक्यासकट ठेवा. मागच्या भिंतीला टेकवून किंवा चिलर ट्रेखाली अजिबात नको.

टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढलं की कमी झोंबतं. चार डोसच्या पेनला सुई दर वेळी नवी लावायची आणि टोचल्यावर लगेच काढायची, नाहीतर औषध गळतं.

एकदा गोठलेलं पेन वितळल्यावर ठीक दिसलं तरी वापरायचं नाही, कितीही महाग असो.